तिसऱ्यांसाठी देवबाग

कुडाळ स्थानकावर गाडी अगदी थोडा वेळ थांबते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला डब्याच्या उंच पायऱ्यांवरून खाली उतरवण्यासाठी तो वेळ किती अपुरा असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आधीचे स्थानक गेल्यापासूनच आम्ही दाराशी येऊन थांबलो होतो. माझ्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात आईंचा दंड. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. फलाटावर पाय टेकताच त्यांनी माझा हात सोडवून घेतला, काठी नीट धरली आणि वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभ्या राहिल्या. कुडाळपासून समुद्र बराच दूर आहे. तरी त्या म्हणाल्या, "इलो वास."

या प्रवासाचे कारण कोणाला सांगावे तर हसू येईल असे होते. आईंना तिसऱ्या खायच्या होत्या.

हिवाळ्यात न्यूमोनियाने त्यांना अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. घरी आल्या त्या जेवणावरची वासना गमावूनच. मऊ भात, मुगाचे वरण, दुधातली खीर, सूप असे सगळे करून पाहिले. दोन घास घेऊन ताट बाजूला सरे. वजन घटले, अंगावरचे कपडे ओघळू लागले. तपासणीत हिमोग्लोबिन कमी होते आणि ब12 जीवनसत्त्वही फार खाली गेलेले होते. तळपायांना सतत मुंग्या येत, चालताना तोल जाई. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. पण जेवणाचे काय करायचे, याला औषध नव्हते. अशातच एका रात्री, मी पुढे केलेली वाटी परत सारत आई म्हणाल्या, "माका तिसऱ्यो खावच्यो आसत. देवबागच्यो."

या वाक्याने मी धास्तावले. आमच्या घरी नऊ वर्षे तिसऱ्या शिजल्या नव्हत्या, आणि ती बंदी मीच घातलेली होती. मुंबईच्या एका बाजारातून भर दुपारी मी त्या आणल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, तासाभराच्या बसच्या प्रवासानंतर. त्यांतल्या काही उघड्या पडलेल्या दिसल्या होत्या. घाईत तशाच टाकल्या आणि शिंपा उकलल्याबरोबर गॅस बंद केला. रात्री घरातल्या चौघांना उलट्या-जुलाब झाले. आम्ही तिघे दुसऱ्या दिवशी सावरलो. आईंच्या अंगातले पाणी इतके कमी झाले की तीन दिवस सलाईन लावावे लागले. विकणाऱ्याला मी मनातल्या मनात पुष्कळ दोष दिला. पण उघड्या तिसऱ्या माझ्या डोळ्यांना दिसल्या होत्या, हे मला ठाऊक होते.

म्हणून या वेळी आधी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, शिंपल्यातील प्राण्यांत ब12 विपुल असते. प्रौढ माणसाची रोजची गरज जेमतेम 2 ते 2.5 मायक्रोग्रॅमची, आणि शिजवलेल्या तिसऱ्यांची लहानशी वाटीसुद्धा ती भागवून पुष्कळ उरते. शिवाय प्रथिने, लोह, जस्त मिळते आणि चरबी अगदी कमी. मग लगेच त्यांनी बोट वर केले. उतारवयात जठरातील आम्ल कमी होते, त्यामुळे अन्नातले ब12 सुटे होऊन अंगी लागत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही असेच होते. तेव्हा तिसऱ्या खाल्ल्या म्हणून इंजेक्शन चुकवायचे नाही. आईंना गाउट नाही, शिंपल्यांची अॅलर्जी नाही, यकृताचा आजार नाही, हे त्यांनी पुन्हा पडताळून पाहिले. मूत्रपिंडाचे नवे अहवाल मागवले. शेवटी म्हणाले, "थोड्या खाऊ द्या. पण पूर्ण शिजलेल्या."

आपल्या घरच्या वृद्धांबाबत हे प्रश्न आपापल्या डॉक्टरांनाच विचारावेत. एका घरचे उत्तर दुसऱ्या घरी चालत नाही.

देवबाग ही मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी समुद्राशी येऊन पोहोचते, पण लगेच त्याला मिळत नाही. काही अंतर ती किनाऱ्याला समांतर वाहते, आणि मग भोगव्यासमोर संगम होतो. त्यामुळे गावाच्या पश्चिमेला अरबी समुद्राची गाज आणि पूर्वेला खाडीचे शांत पाणी, मधे माडांची रांग आणि घरे. एका दाराने निघावे तर समुद्र, दुसऱ्या दाराने निघावे तर खाडी. आईंचे माहेर खाडीच्या अंगाला आहे. तिथे आता त्यांचा भाचा आणि भाचेसून राहतात. अंगणापासून पाण्यापर्यंत तीसेक पावले असतील. पूर्वी ती शंभर होती, असे आईंचे म्हणणे. समुद्राच्या बाजूने लाटा जमीन खातात म्हणून तिकडे दगडांचे बांध घातलेले आहेत. खाडीकाठी पर्यटकांच्या होड्या आणि न्याहारी-निवासाच्या पाट्या आहेत. आईंनी त्या पाट्या वाचून काढल्या, काही बोलल्या नाहीत.

आम्ही शिमग्यात पोहोचलो होतो. धुळवड होऊन गेली होती, दुसऱ्या दिवशी फाल्गुन वद्य द्वितीया. रात्री भाच्याने विचारले, सकाळी सुकती किती वाजता? मी फोन काढला. तोवर आईंनी पाटावर बसल्या बसल्या सांगून टाकले, "द्वितीया. दीडाक भरती. साडेसाताक सुकती."

हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. फोनवरच्या तक्त्यात वेळ थोडी अलीकडची निघाली. गावोगाव तेवढा फरक पडतोच. पौर्णिमा-अमावास्येच्या पाठोपाठचे दोन-तीन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते, एरवी पाण्याखाली राहणारी वाळू उघडी पडते. तिसऱ्या काढायला हेच दिवस चांगले. सकाळची गोळी घेतली की नाही हे आईंना अलीकडे आठवत नाही. द्वितीयेचा दीड मात्र त्यांनी डोळे मिटून सांगितला.

पहाटेच वाडीतल्या चार बायका खाडीत उतरल्या. आईही निघाल्या, आणि तिथे आमचे भांडण झाले.

त्यांना वाळूत उतरायचे होते, अनवाणी. तिसरी पायाला कळते, चपलेला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. तिसरीच्या नळ्या आखूड असतात. एका नळीने ती पाणी आत घेते आणि दुसरीने बाहेर सोडते. नळ्या आखूड म्हणून तिला खोल पुरून राहता येत नाही. वाळूखाली बोटभर अंतरावरच ती असते. जाणत्या पायाला टाचेखाली तिचा टणक गोलावा लागतो. पण आईंचे तळपाय आता जाणते राहिलेले नव्हते. ज्या पायांना मुंग्या येतात त्यांना शिंपेची धार कापून गेली तरी समजत नाही, आणि खाडीच्या पाण्यातली जखम त्या वयात लवकर भरत नाही. मी नाही म्हटले. त्या बोलायच्या थांबल्या. काठावर खुर्ची मांडली तर तिच्यावर बसायलाही तयार नव्हत्या. एवढ्या लांबून आणले आणि पाण्यापाशी आणून अडवले, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. आज मागे वळून पाहताना वाटते, पायांत घट्ट बसणारे रबरी बूट आधीच आणले असते तर निदान घोटाभर पाण्यात तरी त्यांना नेता आले असते. मला ते सुचले नाही.

तोडगा काढला तो पाण्यातल्या एका बाईने. तिने ओली वाळू टोपलीभर उपसली आणि तशीच आणून आईंच्या पुढ्यात ठेवली. "आत्ये, तुमीच काढा." आई खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात वाळूत घातले. हातांना अजून सगळे कळत होते.

एक एक तिसरी बाहेर येऊ लागली. दीड-दोन इंचांची, पिवळसर तपकिरी, पाठीवर आडव्या बारीक रेघांच्या वळ्या, काहींवर काळसर पट्टे. शास्त्रीय ग्रंथांतून हिला पॅफिया मलबारिका या नावाने ओळखतात. आपल्याकडे तिला कुठे तिसरी, कुठे शिवली, कुठे मुळे म्हणतात आणि गोव्यात तिसऱ्यो. एकाच टोपलीत दुसऱ्या जातीही येतात, बाजारात त्या सगळ्या एकाच नावाने खपतात. आई प्रत्येक तिसरी बोटांत फिरवून पाहत आणि डावी-उजवीकडे टाकत. लहान असेल ती पुन्हा पाण्याकडे. "बारकी सोड गो. तिका अजून वाढूक होया."

पाण्यातल्या बाईला मी विचारले, पूर्वीइतक्या मिळतात का? ती हसली. पूर्वी एका सुकतीला दोन पाट्या भरत, आता एक भरली तरी देवाची कृपा. वाळू उपसणाऱ्या होड्यांकडे तिने हात केला. वाळूच नेली तर तिसरी राहणार कुठे? पावसाळ्याचे संकट वेगळेच. नदीचा गोडा लोंढा आला की खाडीचा खारटपणा एकदम उतरतो आणि तो या जातीला सोसत नाही. काही वर्षी पुराच्या पाठोपाठ मेलेल्या शिंपांचा खच पडतो. मग पाऊस सरल्यावर पुन्हा नवी पिल्ले वाळूत रुजतात.

याच तिसरीची केरळातली हकीगत मला ठाऊक होती, ती मी तिला सांगितली. कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे मोठे खारे सरोवर आहे. तिथल्या तिसऱ्यांचे मांस परदेशी जाऊ लागले तशी उपसा वाढला आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी उत्पन्न झपाट्याने घसरले. तेव्हा काढणारे, शास्त्रज्ञ आणि सरकार यांनी मिळून काही बंधने पाळायचे ठरवले: डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या महिन्यांत तिसऱ्या काढायच्या नाहीत, जाळ्याची वीण रुंद ठेवायची, बारीक शिंपा उचलायच्या नाहीत. साठा पुन्हा भरून आला. 2014 साली तिथल्या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिलेच. बाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तीन म्हयने त्यांच्या घरात खातत काय?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

घरी आल्यावर परडीतल्या तिसऱ्या एका थाळ्यात पसरल्या आणि आईंनी मला जवळ बसवले. नऊ वर्षांपूर्वीचे त्या विसरल्या नव्हत्या. "मिटलेली ती जिती. तोंड वासून रवलेली ती मेली. तिका हात लावू नको." जरा उघडी दिसली की त्या तिच्यावर दुसऱ्या शिंपेने टिचकी मारत. जिवंत तिसरी हळूच मिटते. न मिटणारी बाजूला. फुटकी बाजूला. खूप जड लागली तर तिच्यात चिखल भरलेला, तीही बाजूला. उरलेल्या त्यांनी खाडीच्याच भागातून आणलेल्या स्वच्छ, गाळलेल्या खाऱ्या पाण्यात घालून ठेवल्या म्हणजे त्या पोटातली रेती टाकून देतात. गोड्या पाण्यात घातल्या तर मिटून बसतात. बाजारातून आणायच्या झाल्यास ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा लागेल अशा आणाव्यात. बांधलेल्या प्लास्टिकमध्ये त्या गुदमरून मरतात. हे मी नऊ वर्षांपूर्वी त्यांना विचारले असते तर?

पण आईंना ठाऊक नसलेल्याही गोष्टी होत्या, आणि त्या सांगणे माझे काम होते. "आमच्या खाडयेन आजवर कोणाक बाधला नाय," असे त्या ठामपणे म्हणत होत्या. तिसरी दिवसभर पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खाते, दिवसाला कित्येक लिटर. पाण्यात जे असेल ते तिच्यात साठते. काठावर वस्ती आणि संडास वाढले की काविळीचे विषाणूही साठतात. 1988 साली चीनमधील शांघाय शहरात अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांमुळे जवळजवळ 3 लाख लोकांना हेपॅटायटिस ए झाला होता. म्हणून शिंप उकलली की झाले, असे मानू नये. उकलल्यानंतरही चार-पाच मिनिटे चांगली उकळी येऊ द्यावी. शिजल्यावरही जी उघडत नाही ती टाकून द्यावी.

दुसरा धोका शिजवूनही जात नाही. कधी कधी खाडीत काही विषारी सूक्ष्म शैवाले माजतात आणि त्यांचे विष तिसरीच्या मांसात उतरते. तिसरी जिवंत असते, ताजी असते, चवीलाही फरक नसतो. 1983 साली मंगळुरूच्या दक्षिणेला कुंबळे इथल्या खाडीतील शिंपल्या खाऊन काही जण रुग्णालयात गेले आणि एका मुलाचा जीव गेला. असे प्रसंग विरळा घडतात, पण लक्षणे माहीत असलेली बरी. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत ओठ, जीभ, चेहरा बधिर होऊ लागला, त्यांना मुंग्या आल्या, बोलणे जड झाले तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. ज्यांच्या पायांना ब12 अभावी किंवा मधुमेहामुळे आधीच मुंग्या येतात, त्यांच्या घरच्यांनी विशेष जपावे. "हे नेहमीचेच" म्हणून दुर्लक्ष होण्याची भीती असते. नेहमीच्या मुंग्या पायांत असतात. या ओठांवर येतात. पाण्याचा रंग बदललेला असेल, मासे तरंगताना दिसले असतील, तर त्या दिवसांत शिंपल्या खाऊच नयेत. आईंनी भाच्याला हाक मारली आणि गेल्या आठवड्यात खाडीचे पाणी कसे होते ते विचारले. तो म्हणाला, नितळ. मग पातेले चुलीवर चढले.

एकशिपी करायचे ठरले होते. भाचेसून आडाळ्यावर बसली, एका हाताने तिसरी दाबून पात्यावर उकलली आणि मांस एकाच शिंपेत ठेवून दुसरी शिंप टाकून दिली. नावाचा अर्थ तोच, एका शिंपेचे. उकलताना गळणारे पाणी भांड्यात धरून, निवळून, वरचे तेवढे घेतले. कांदा परतला, ओल्या खोबऱ्याचे वाटप, मालवणी मसाला चिमूटभरच, वर दोन सोले. मी सवयीने मिठाच्या बरणीकडे हात नेला. आईंनी माझे मनगट धरले. "मीठ घालू नको. ती आपला मीठ घेवनच येता." रक्तदाबाच्या माणसासाठी याहून चांगला सल्ला आहारतज्ज्ञही देणार नाहीत. उकळी फुटल्यावर पाच मिनिटे मी घड्याळाकडे पाहत बसले. त्याहून जास्त शिजवले तर मांस रबरासारखे चिवट होते आणि कवळी लावणाऱ्याला चावत नाही. त्यामुळे घड्याळ दोन्ही बाजूंनी सांभाळावे लागते. आईंच्या वाटणीचे मांस काढून मी सुरीने बारीक करू लागले, तर त्यांनी सुरी बाजूला ठेवली. शिंपेसकटच वाढ म्हणाल्या.

मऊ भात, त्यावर रस, ताटाच्या कडेला एकशिपी. मी समोर बसून राहिले. त्यांनी पहिली शिंप उचलली, ओठांना लावली, मांस दाताने सोडवून घेतले आणि शिंप ताटाशेजारी पालथी ठेवली. मग दुसरी. सावकाश, प्रत्येक घास पुरा चावून. मध्ये थांबून भात कालवला. आणखी थोडा भात मागितला. हे मागणे मी दीड महिन्यांनी ऐकत होते; भाचेसुनेला त्याचे काय मोल ते कळण्याचे कारण नव्हते, तिने सहज वाढला. शेवटी पालथ्या शिंपा मोजल्या तर पाच होत्या. सहावी मी काढून ठेवली होती, पण त्या नको म्हणाल्या. पोट भरले.

त्या रात्री मी दोनदा उठून त्यांचा श्वास पाहिला. ओठ कसे वाटतात म्हणून विचारले. दुसऱ्यांदा त्या जागच्याच होत्या. पश्चिमेच्या खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता.

"झोप गो," त्या म्हणाल्या. "उद्या तृतीया. सव्वादोनाक भरती, सव्वाआठाक सुकती. घाई नाय."

मग कूस बदलता बदलता विचारले, "ते रबराचे बूट मालवणच्या बाजारात मिळतले काय?"